तिरडी बांधायला येतं का कुणाला?

शाहूनगरकर :
गेल्या महिन्यात वडील गेले. वय ८६. साताऱ्यातल्याच एका खाजगी दवाखान्यात, आयसीयूत, अकराव्या दिवशी. सांत्वनाचे निरोप भरपूर आलेत, तेव्हा इथे कृपया श्रद्धांजली वाहू नका. धागा वेगळ्याच गोष्टीसाठी काढलाय.

पहाटे पाचला त्यांना घरी आणलं. गल्लीतला एक जण दुकानातून 'सगळं सामान' घेऊन आला. हल्ली ते एकाच पोत्यात मिळतं : सुतळी, मडकं, पांढरं कापड, गुलाल, उदबत्तीचा पुडा. शिवाय दोन लांब बांबू आणि कामट्यांची मोळी. सामान अंगणात पडलं आणि आम्ही सात बाप्ये त्याच्याभोवती नुसते उभे. सगळे चाळिशी-पन्नाशीचे. दोन इंजिनिअर, एक बँकेतला, एक तर बांधकामाचा ठेकेदार. तिरडी बांधायला एकालाही येईना. कामट्या सात का नऊ, यावरच पाच मिनिटं गेली. एकाने यूट्यूब उघडलं, तर आधी म्युच्युअल फंडाची जाहिरात लागली.

शेवटी मागच्या आळीतल्या तात्यांना उठवून आणलं. वय ७८, एका डोळ्यात मोतीबिंदू. ते उकिडवे बसले, सुतळीचं टोक दातात धरलं आणि हात आपोआप चालायला लागले. "गाठ वरच्या अंगाला घेऊ नका रं, खांदा देणाऱ्याला टोचती," एवढंच बोलले. दहा मिनिटांत काम झालं. जाताना म्हणाले, "माझ्या वेळंला कोण बांधणार ते बघून ठेवा."

आजी गेली १९८३ साली, खटाव तालुक्यातल्या आमच्या गावी. सकाळीच म्हणाली, "आज काय माझं खरं न्हाई." सुनांना जमीन सारवायला लावली, घोंगडं अंथरून घेतलं, कुणाची किती उधारी ते सांगितलं, आणि दुपारी तुळशीचं पाणी तोंडात घालताना गेली. मी नऊ वर्षांचा होतो, तिच्या पायाशी बसलेलो. तळवे गार व्हायला लागले ते सगळ्यांत आधी मला कळलं. माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. आजोबा काचेपलीकडे असताना त्याला पाच मिनिटं आत सोडलं, तेही चपला काढून आणि टोपी घालून. पुढचं त्याने थेट माहुलीच्या स्मशानात पाहिलं.

फिलिप आरिएस नावाचे फ्रेंच इतिहासकार होऊन गेले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : युरोपात कित्येक शतकं मरण घरातलं, ओळखीचं होतं. माणसाला चाहूल लागायची, तो सगळ्यांना बोलावून घ्यायचा, पोरंबाळं खोलीत असायची. विसाव्या शतकात ते दवाखान्यात गेलं आणि बोलायचीही चोरी झाली. तिथे हे व्हायला कितीतरी पिढ्या लागल्या. आमच्याकडे आजी आणि वडील यांच्यामधल्या चाळीस वर्षांत झालं. मला वाटतं आपल्याला मरणाची भीती वाढलेली नाही, आपल्याला त्याचं काम करता येईनासं झालंय. तुमच्याकडे काय अनुभव?

कृष्णाकाठची :
वाचतेय. लिहीन.

हळदबाजार :
काका, वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, पण धाग्याच्या सुराशी अजिबात सहमत नाही. 'ओळखीचं मरण' फार गोड वाटतं ऐकायला. ओळखीचं होतं कारण ते दारातून हलतच नव्हतं.

माझी पणजी सांगलीजवळच्या खेड्यातली. अकरा बाळंतपणं, चार पोरं जगली. गेलेल्यांपैकी दोघांची नावं तिला आठवत नसत, "बारशाआधीच गेली" म्हणायची. वय विचारलं की सांगायची, "मानमोडीच्या साली मी परकर नेसत होते." मानमोडी म्हणजे १९१८ चा इन्फ्लुएन्झा. हिंदुस्थानात त्यात एक कोटीहून जास्त माणसं मेली. १९११ ते १९२१ हे एकच दशक असं आहे की देशाची लोकसंख्या वाढायच्या ऐवजी घटली. त्याआधी १८९६ पासून प्लेग. उंदीर पडले की गाव सोडून माळावर झोपड्या घालायच्या. पटकी आली की मरीआईचा गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे पुढच्या गावाच्या हद्दीत. आपलं मरण शेजाऱ्याच्या दारात ढकलायची ही रीत, आणि आपण म्हणणार की तेव्हा लोक मरणाशी समंजसपणे वागत.

स्वातंत्र्याच्या सुमाराला सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होतं, आता सत्तरीला टेकलंय. तिरडी बांधता येत नाही कारण बांधायची वेळ फार येत नाही. मला तर ही चांगली बातमी वाटते.

अनघा_वाई :
हळदबाजार +१. पण पोरांना लांब ठेवणं मलाही खटकतं. माझी मुलगी आठ वर्षांची आहे. आमचं मांजर गेलं तेव्हा मीच तिला "ते शेतावर राहायला गेलं" असं सांगितलं. आता ती दर रविवारी शेतावर जाऊ म्हणते.

शाहूनगरकर :
हळदबाजार, मुद्दा मान्य. आजीचीही तीन गेली होती. पण त्या तिघांची नावं ती पितृपक्षात घ्यायची, हेही खरं.

वीरगळवेडा :
जरा मागे जाऊ. वाईजवळ किकलीला भैरवनाथाच्या देवळात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांचे स्मारकदगड आहेत, एक-दोन नाहीत, रांगाच्या रांगा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, वरच्या चौकटीत तो शिवलिंगापुढे बसलाय, आणि माथ्यावर चंद्रसूर्य. म्हणजे दगड असेपर्यंत नाव राहणार. साध्या शेतकऱ्याला, बलुतेदाराला असा दगड नाही. बाईला दगड कधी, तर सती गेली तर : कोपरात वाकलेला हात, त्यात बांगड्या.

माहुलीचं तुम्ही लिहिलंत. संगम माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या काठावर राजघराण्याच्या समाध्या आहेत. शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याचीसुद्धा आहे, ती बघायला लोक आवर्जून जातात. १७४९ च्या डिसेंबरात शाहू महाराज गेले आणि राणी सकवारबाई सती गेल्या. त्यामागे भक्ती किती आणि दरबारचं राजकारण किती, यावर इतिहासकार अजून लिहिताहेत. बेंटिंकचा सतीबंदीचा कायदा १८२९ चा, पण तो कंपनीच्या मुलखापुरता. सातारा तेव्हा संस्थान होतं, ते खालसा झालं १८४८ मध्ये.

सांगायचं इतकंच की 'पूर्वीचं मरण' म्हणताना कुणाचं मरण ते विचारायचं. कुत्र्याला समाधी मिळाली त्याच काठावर किती माणसं नाव न लागता जळाली असतील.

सह्याद्रीपुत्र :
सणासुदीच्या दिवसांत कसले हे धागे काढता? दुसरे विषय नाहीत का?

हळदबाजार :
सह्याद्रीपुत्र, तुमच्या या एका वाक्यात काकांचा मुद्दा सिद्ध झाला. मी उगाच एवढं लिहीत बसलो.

मिरजेची_डॉक्टर :
मी अतिदक्षता विभागात काम करते. कुठे ते लिहीत नाही.

दवाखान्यात मरण कसं आलं ते आमच्या गावाकडे बघून कळतं. डॉ. वानलेस यांनी मिरजेत मिशनचं हॉस्पिटल १८९४ मध्ये उभं केलं. त्याआधी दवाखाना ही मरायची जागा नव्हती आणि बरं व्हायचीही फारशी नव्हती. पुढे वानलेसवाडीला क्षयाचं आरोग्यधाम झालं. स्ट्रेप्टोमायसिन यायच्या आधी क्षयाच्या रोग्याला देण्यासारखं होतं काय, तर उघडी हवा, दूध, अंडी आणि विश्रांती. पुष्कळ लोक तिथून परत जात नसत. माझ्या आजोबांच्या तोंडी "त्याला मिरजेला नेलाय" हे वाक्य दोन सुरांत यायचं. एका सुराचा अर्थ आशा आहे, दुसऱ्याचा अर्थ आता आवरत आलं. आजही कर्नाटकातून, पार विजापूरकडून माणसं येतात आणि मला ते दोन्ही सूर ऐकू येतात.

आता काय होतं ते सांगते. ८६ वर्षांचे आजोबा, मूत्रपिंडं गेलेली, शुद्ध नाही. मी मुलांना बाहेर बोलावते, खुर्ची देते, सांगते. सगळं ऐकून घेतल्यावर वाक्य येतं : "डॉक्टर, तुम्ही काहीतरी करा." हे 'काहीतरी' आजोबांसाठी नसतं, हे मला कळतं, त्यांनाही कळत असतं. उद्या भाऊबंदकीत कुणी म्हणायला नको की पैशाकडे बघून बापाला घरी आणला. म्हणून नळी घालायची. आणि परदेशातला मुलगा विमानात बसलेला असेल तर आणखी दोन दिवस. आमच्याही बाजूने सगळं स्वच्छ आहे असं मी म्हणणार नाही. बिलाचा आकडा मी ठरवत नसले तरी बघते तर रोज.

दुसरी गोष्ट दुखण्याची. १९८५ चा अमली पदार्थांचा कायदा आला आणि मॉर्फिन मिळवणं इतकं किचकट झालं की कॅन्सरच्या शेवटच्या पेशंटला साध्या गोळीवर ओरडत ठेवायची वेळ आली. २०१४ मध्ये दुरुस्ती झाली, तरी लहान गावात गोळी सहज मिळत नाही. लंडनला सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं ते हेच धरून : बरं करता येत नाही म्हणजे काहीच करता येत नाही असं नाही. मुंबईत शांती अवेदना सदन १९८६ पासून आहे. आपल्याकडे हा विचार अजून 'डॉक्टरांनी हात टेकले' या तीन शब्दांत अडकलाय.

शाहूनगरकर, तुमच्या आजीला "आज माझं खरं नाही" असं म्हणता आलं, कारण तिच्या तोंडात नळी नव्हती.

शाहूनगरकर :
डॉक्टर, वडिलांच्या तोंडातही होती. सातव्या दिवशी त्यांनी हाताने खूण केली. आम्हाला वाटलं पाणी मागताहेत. आता वाटतं, काढा म्हणत असतील.

सही मीच केली होती.

कृष्णाकाठची :
काका…

सही कुणीही केली असती.

अपशिंगेचा_जावई :
सासुरवाडी अपशिंगे, मिलिटरी अपशिंगे म्हणतात ते. पहिल्या महायुद्धात गावातले ४६ जण कामी आले, त्यांच्या नावाने इंग्रजांनी लावलेला फलक गावात आहे. त्या घरांत मरण कसं आलं असेल? देह नाही, तिरडी नाही, सावडायला राख नाही. पडलेला सैनिक तिथेच ठेवायचा, घरी आणायचा नाही, हा ब्रिटिशांचा नियमच होता, त्यांच्या स्वतःच्या गोऱ्या पोरांनाही. युरोपात त्या चार वर्षांनी सगळंच बदललं म्हणतात. राणी व्हिक्टोरियाने १८६१ मध्ये नवरा गेल्यावर १९०१ मध्ये स्वतः मरेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं काळे कपडे सोडले नाहीत, आणि तिच्या प्रजेत दुखवट्याच्या पोशाखाची दुकानं चालायची. महायुद्धानंतर घरटी एक गेलेला. कोण कुणासाठी काळं घालणार? तिथून पुढे तो पोशाख मागे पडला.

आमच्याकडे सासूबाई सांगतात : पूर्वी तार यायची. तारवाला दिसला की बायका आधी रडायला लागायच्या, मजकूर नंतर. साध्या मरणाचं कळवायचं तर कोपरा फाडलेलं कार्ड. ते घरात घ्यायचं नाही, उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. तारसेवा २०१३ च्या जुलैत बंद पडली. आता व्हॉट्सॲपवर वाढदिवसाच्या केकखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' येते आणि तिच्याखाली कुणीतरी चुकून आधीच्या केकसाठी टाळ्या वाजवतं.

कारगिलपासून, १९९९ पासून, जवानांचे देह गावी यायला लागले. आता हजारोंची गर्दी, तिरंगा, फैरी, ट्रॅक्टरवर फुलं. मी एका अंत्ययात्रेत होतो. सगळं गाव मोबाइल वर धरून चालत होतं. त्याची आई एकटीच खाली बघत होती.

लंडन_सांगली_व्हाया_मुंबई :
व्हिक्टोरियावरून आठवलं, थोडं अवांतर. साहेब पुरणारा आणि आपण जाळणारे, असं शाळेत शिकलो. इकडे आल्यावर कळलं, दहनाची पद्धत १८८५ मध्ये वोकिंगला सुरू झाली, कायदा १९०२ चा, आणि आज ब्रिटनमध्ये चारांतले तिघे तरी जाळूनच घेतात. आणि आमच्या सांगलीच्या गल्लीत निम्मी घरं लिंगायतांची, त्यांच्यात बसवून पुरायचं. 'आपली पद्धत' म्हणजे कुणाची, ते मला परदेशात येऊन विचारावं लागलं.

माझ्या आईचं मी मोबाइलवर बघितलं. भावाने फोन धरला होता. मध्येच बॅटरी गेली.

खटावची_सरपंचीण :
(माजी. नावाला घाबरू नका.)

एवढं सगळं बाप्यांनी लिहिलं, तिरडीचं लिहिलं. तिरडी उठल्यावर घरात मागे काय होतं ते कुणी लिहिलं नाही. बांगड्या फोडतात. दगडावर मनगट ठेवून. काचा लागतात, रक्त येतं, आणि तेवढ्यात दुसरी कुंकू पुसते. माझ्या चुलतीचं मी दारात उभी राहून बघितलंय, आणि ते करणाऱ्या सगळ्या विधवाच होत्या. तेही 'ओळखीचं' होतं, शाहूनगरकर भाऊ. पिढ्यान्पिढ्या ओळखीचं.

२०२२ च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव करून हे बंद केलं, त्याच महिन्यात सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या गावांना तसंच करा म्हणून सांगितलं. आम्हीही ठराव केला. हात वर झाले. चार महिन्यांनी एक मयत झाली, आणि हात वर केलेल्या दोघी पहिल्या पुढे सरसावल्या. तेव्हा त्यांचा हात धरला तो गेलेल्या माणसाच्या लेकीने, सतरा वर्षांच्या. म्हणाली, "आईला हात लावायचा न्हाई." माझ्या ठरावाने जे झालं नाही ते तिने केलं.

आणि हे आपल्याकडे नवंही नाही. जोतिराव फुल्यांचं मूळ गाव कटगुण, आमच्याच तालुक्यात. १८९० च्या नोव्हेंबरात ते गेले तेव्हा टिटवं (तिरडीपुढे धरायचं मडकं) कुणी धरायचं यावर भाऊबंद अडून बसले, तर सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं धरलं आणि पुढे चालल्या. त्यांचं माहेर नायगाव, तेही आपल्याच जिल्ह्यात. सहा वर्षांनी प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या, १० मार्च १८९७. मला कुणी म्हणालं 'बाईने मसणात जायचं नाही ही जुनी रीत', की मी एवढंच विचारते, किती जुनी?

वीरगळवेडा :
दंडवत.

अनघा_वाई :
ताई, मुलीला मांजराचं खरं सांगते आज.

नांद्रेकर :
आमच्याकडचा एक धागा राहिला. आम्ही जैन. घरात आजोबांनी सल्लेखना घेतली, १९९० च्या आसपास. आधी धान्य सोडलं, मग दूध, मग ताक, शेवटी नुसतं पाणी. रोज संध्याकाळी गाव दर्शनाला यायचं. आम्ही रडायचं नाही, असं त्यांनीच सांगितलेलं. शांतिसागर महाराजांनी कुंथलगिरीला १९५५ मध्ये सल्लेखना घेतली ती त्यांनी तरुणपणी बघितली होती, त्यामुळे त्यांच्या मनात चित्र पक्कं होतं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये राजस्थानच्या उच्च न्यायालयाने ही आत्महत्या ठरवली तेव्हा आमचा समाज रस्त्यावर उतरला, महिनाअखेर सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. गंमत अशी की २०१८ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने बरं न होणाऱ्या माणसाला उपचार नाकारायची मुभा दिली. आजोबांनी ते कागद न करता केलं.

पण खरं सांगू? सतराव्या-अठराव्या दिवशी ते रात्री कण्हत होते. मला आवाज यायचा. सकाळी आई म्हणायची, जप चालला होता.

हळदबाजार :
मूळ मुद्द्याकडे. काका, तुमचे आरिएस म्हणतात की जुन्या लोकांना अचानक मरण यायची भीती होती आणि आताच्या लोकांना झोपेतच जायचंय. युरोपचं असेल. आपल्याकडे 'अनायासेन मरणं, विना दैन्येन जीवनम्' हा श्लोक किती जुना आहे! आमच्या आज्या देवापुढे हेच मागायच्या : हातीपायी धड असताना ने, अंथरुणाला खिळवू नको. कुणी पटकन गेलं की "सोनं झालं" म्हणायचे. तेव्हा झोपेतलं मरण हे काही पाश्चात्त्य खूळ नाही.

शाहूनगरकर :
बरोबर. पण तीच आजी तीर्थ घेताना 'अकालमृत्युहरणं'ही म्हणायची. अनायासे हवं, पण अकाली नको, आणि तोंडात पाणी घालायला कुणीतरी हवं. तिची मागणी तीन कलमी होती. आपण दोन कलमं ठेवली, तिसरं गाळलं.

मिरजेची_डॉक्टर :
तिसऱ्या कलमाचं सांगते. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत ते आम्ही पुरं केलं, पीपीई घालून. तोंडात पाणी घालायला मुलगा नव्हता, मी होते, आणि मास्कमुळे त्यांना माझं तोंडही दिसत नव्हतं. एका आजींनी मला "कोण, सुमन का?" म्हणून विचारलं. मी हो म्हटलं. पुढचं सगळं नगरपालिकेच्या पोरांनी केलं, ओळीने. त्या पोरांना तिरडी लागली नाही, नुसती चेन ओढलेली पिशवी.

ज्यांना उपचार नाकारण्याचा कागद करायचाय त्यांच्यासाठी : जानेवारी २०२३ पासून तो सोपा झालाय. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, न्यायदंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही. घरच्यांना दाखवून ठेवा. कपाटात कुलपात ठेवलेला कागद आम्हाला दहाव्याच्या दिवशी कळतो.

शाहूनगरकर :
बरेच दिवसांनी लिहितोय.

आईसमोर कागदाचा विषय काढला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "माझ्या गोवऱ्या केव्हाच मसणात गेल्यात, आण कुठं सही करायची ती." मग तासभर सांगत बसली : कुठली साडी, रक्षा नदीत नको, शेतात आंब्याच्या खड्ड्यात टाका, तेराव्याला बुंदी नको, कुणी खात नाही.

आणि काल रविवारी मुलाला घेऊन तात्यांकडे गेलो, तिरडी शिकायला. गल्लीतले आणखी तिघे आले. तात्यांची सून बांबू अंगणात आणू देईना, जित्या माणसाच्या दारात असलं नको म्हणाली. बरोबरच आहे तिचं. मग तात्यांनी शेजारच्या ट्रॉलीतले दोन लांब ऊस काढायला लावले आणि कामट्यांच्या जागी उसाचेच तुकडे. आडव्या काडीला सुतळीचे दोन वेढे, मग खालून ओढून गाठ. माझ्या चार गाठींतल्या दोन त्यांनी सोडायला लावल्या. मुलाची पहिलीच गाठ बसली.

नंतर तात्यांनीच सुतळी सोडून गुंडाळून ठेवली आणि ऊस गल्लीतल्या पोरांनी खाल्ला.